रिक्षामागून आलेली लाल गाडी

इकडं ये, अशी जवळ बस. कागदावर बोलतेय म्हणून काय झालं, लांब बसणाऱ्याला मी आजवर काही सांगितलेलं नाही. आणि आधी जरा आईची बोलणी खा. परवा फोनवर तू म्हणालीस, आबांना आता लेक कशाला आठवेल, लाल गाडी आली ना दारात. हसत म्हणालीस, पण म्हणालीस. असं बोलू नये बाई. सोयगावात बसून माणसाला इथलं काय दिसतं? फोनवर मला सांगता आलं नाही, कारण फोन वाजला की तुझे आबा एका खोलीत असतात आणि तुझा दादा दुसऱ्या, अन् दोघांचे कान माझ्याकडं. म्हणून लिहितेय. शाळा माझी लवकर सुटली, पुढचं सगळं किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून आलं. काना-मात्रा चुकली तर तूच नीट करून घे.

आपली जुनी पांढरी गाडी तुला आठवते ना? उंच, चौकोनी, आत बसलं की खुर्चीत बसल्यासारखं. तुझी पाठवणी तिच्यातूनच झाली. तू मागं रडत होतीस आणि आबा पुढं बसून ड्रायव्हरला उगीच रस्ता सांगत होते. तुझ्या वहिनीला दवाखान्यात नेलं तेही तिच्यातूनच. परत मात्र रिकामीच आली.

आबांचे गुडघे गेले, कंबर धरली, तरी तुझ्याकडं येणं त्यांनी सोडलं नाही. दादाला सुट्टी असली की सकाळीच अंघोळ करून तयार. दार उघडायचं, सीटवर टेकायचं, मग एकेक पाय हातानं उचलून आत घ्यायचा. सिल्लोडला चहा, घाट उतरला की गप्प, आणि तुझं घर दिसायला लागलं की टोपी सारखी करायची. शेंद्र्याचं शेत कंपन्यांत गेलं तेव्हापासून त्या माणसाला जायला एवढी एकच जागा उरली होती, हे तुला माहीत असावं म्हणून सांगते.

ती गाडी खालून सडली. पायाखालच्या पत्र्याला भोक पडून रस्ता दिसायला लागला. मिस्त्री म्हणाला, आता हिला सोडा, नाहीतर ही तुम्हाला घाटात सोडेल. बिडकीनचा एक जण सुट्या भागांसाठी घेऊन गेला. त्या दिवशी सकाळी आबांनी तिला स्वतः धुतलं, स्टुलावर बसून, जिथवर हात पोचला तिथवर.

आता दुसरी घ्यायची म्हटल्यावर दादानं फोनमधले फोटो दाखवले. कंपनीनं त्याला मागं इटलीला शिकायला पाठवलं होतं ना, तिथं त्यानं असल्या गाड्या बघितल्या होत्या. कूपे म्हणतो तो त्यांना. दोन दारांच्या, जमिनीला पोट लागलेल्या, नाकाड पुढं काढलेल्या. नवी आपल्याला ह्या जन्मात झेपणार नाही, पण वापरलेली मिळते म्हणाला. मला आधी वाटलं चेष्टा करतोय. मग त्याचं तोंड बघितलं. वहिनी गेल्यापासून ह्या पोरानं घरात मीठसुद्धा मागितलं नव्हतं. जे ताटात पडेल ते खायचा अन् उठायचा. आणि आज एक वस्तू मागत होता.

आबांनी चष्मा लावून फोटो बघितला. विचारलं, "मागचं दार कुठंय?"

"मागं दार नसतं आबा."

"मग मागं बसणाऱ्यानं काय करायचं?"

"मागं बसायला आता आहे कोण?"

आबांनी फोन परत दिला. बरं आहे म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मग आमची गाडी बघायची फेरी सुरू झाली. पहिली पुण्याची होती, काळी. तिचा मालक ती घेऊन इथं आला होता. आबांनी खुर्ची टाकून घेतली आणि त्याला गाडी समोरून इकडून तिकडं चालवायला लावली. तो बिचारा गोंधळला. त्याला काय माहीत, आपल्याकडं बाजारात बैल असाच बघतात. आधी दात, मग चाल, मग मानेवर जू ठेवून बघायचं, आणि सगळं पटल्यावर शेवटी हळदकुंकू. आबांनी आयुष्यात एकही जनावर ह्या क्रमाशिवाय घेतलं नाही. काळी गाडी चालताना मागून एका अंगाला ओढत होती. हिला मार लागलाय, म्हणाले. आणि लागलाच होता, मालकानं मग कबूल केलं. दुसरी राखाडी होती, ती चालूच होईना. तिला आबा म्हणाले, हिला दावणीलाच राहू द्या.

तिसरी जालना रोडला, जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात. लाल. मी जवळ जाऊन विचारलं, ही बसलीये का उभी आहे? तो दुकानदार लई गोड बोलणारा, अर्धं मराठी अर्धं हिंदी. "अम्मा, ये खडीच है. बसली असती तर तुम्हाला दिसलीच नसती."

आणि दादा हसला.

बाई, तुला काय सांगू. खळाळून हसला. दारावर हात ठेवून, मान मागं टाकून, लहानपणी हसायचा तसा. मी आबांकडं बघितलं. ते त्याच्याकडंच बघत होते. गाडीकडं नाय.

दादा आत बसला, चावी फिरवली. असा गंभीर गुरगुराट झाला, की शेजारच्या टपरीवरचे लोक उठून आले. तो दुकानदार माणूस ओळखण्यात हुशार. टेबलाखालून नारळ काढला, तिथं पोतंच ठेवलेलं होतं त्यानं, आणि आबांच्या हातात दिला. "चाचा, शुभ काम है. थोरल्या हातानं होऊ द्या."

मी म्हणणार होते की आधी बसून तर बघा. तोंडात शब्द आला होता. पण आबांनी टोपी काढली, नारळ कपाळाला लावला आणि चाकापुढच्या दगडावर फोडला. जन्मभर जू ठेवल्याशिवाय हळदकुंकू न लावलेला माणूस. पाणी चाकावर गेलं. दुकानदारानं खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. झाला सौदा.

मग दादा म्हणाला, आबा, पहिले तुम्ही बसा. डावीकडचं दार उघडलं. आबांनी नेहमीसारखं टेकायला कंबर वाकवली, तर टेकायला काही येईचना, सीट आणखी खाली, आणखी खाली. शेवटी धपकन पडले आत. पाय बाहेर, गुडघे छातीशी. सगळे हसले, आबाही हसले. पाय कसेबसे आत घेतले. दादानं आवारातच एक चक्कर मारली आणि थांबवली.

उतरता येईना.

हातानं पाय उचलून बाहेर ठेवला, पण उठायला खाली जोर कशावर देणार? दाराला धरलं तर दार हलतं. एकदा केलं, दुसऱ्यांदा केलं. मग दादानं एका काखेत हात घातला, दुकानदारानं दुसऱ्या, आणि टपरीवरच्या लोकांदेखत त्यांना पोतं ओढावं तसं ओढून काढलं. टोपी आत राहिली, एक चप्पल आत राहिली. दुकानदारानं आतली चप्पल काढली आणि स्वतः आबांच्या पायात घातली. त्याचं एवढं मी मानते.

दादाचं तोंड पांढरं पडलं. म्हणाला, "आबा, राहू द्या. सोडून देऊ. नको मला ही."

आबांनी टोपी झटकली, डोक्यावर ठेवली. "नारळ फुटलाय बाळा. आता ती घरची झाली."

"घरची कसली? तुम्ही बसायचं कुठं?"

"मला कुठं जायचंय," म्हणाले.

हे वाक्य त्यांनी तुझ्यासमोर म्हटलं असतं का, सांग बरं?

आम्ही दोघं रिक्षानं घरी आलो. दादा मागून एकटा त्या गाडीत. त्याला पुढं जाववेना. रिक्षा थांबली की तो थांबायचा, रिक्षा खड्डा चुकवून वळली की तोही वळायचा. अख्खा जालना रोड वाकून बघत होता. लोकांना वाटलं असेल वरातच निघालीये. आबा पूर्ण रस्ता समोर बघत बसले. एकदाही मागं वळले नाहीत.

तेव्हापासून हे असंच. दादा म्हणतो, भाड्याची गाडी करू, तुम्हाला सोयगावला नेतो. तर आबा म्हणतात, लेकीच्या दारात परक्या गाडीतून कशाला. दादा म्हणतो, ही विकतो. तर म्हणतात, नारळ फोडून आणलेली वस्तू वर्ष तरी फिरवू नये, घराला बरं नाय. तुला फोनवर कधी ऊन सांगतात, कधी पाऊस, कधी गुडघा. खरं सांगायचं तर त्या दिवशीपासून ते फाटकाच्या बाहेरच गेलेले नाहीत. लोकांनी ओढून काढलेलं त्यांच्या मनातून जात नाही.

आणि दादा? त्यालाही ती गाडी गोड लागेना. कंपनीत बसनं जातो. सुट्टीच्या दिवशी गाडीवरचं कापड काढतो, तिला पुसतो, दार उघडून आत बसतो, पाय बाहेर फरशीवर ठेवून. चालू करत नाही. आबा ओट्यावर खुर्चीत. एकमेकांना दिसतात, बोलत नाहीत. एकाला वाटतं आपण बापाचं जाणं-येणं बंद केलं. दुसऱ्याला वाटतं आपण पोराच्या हसण्यावर पाणी ओतलं. मी चहा नेऊन देते, एक कप इकडं, एक तिकडं. दोन्ही कप निवून जातात.

मला वाटतं, एकानं रागवायला तरी पाहिजे होतं. रागावलेल्याची समजूत घालता येते. हे दोघं एकमेकांना जपतायत, अन् जपता जपता दोघंही वाळत चाललेत.

काल आबांनी विचारलं, पोरीचा फोन आला होता का, काय म्हणाली. मी म्हटलं, मजेत आहे, काम लई आहे म्हणाली. तुझं ते लाल गाडीचं बोलणं मी सांगितलं नाही. सांगणारही नाही. पण आबांना आता तुझ्याकडं येता येणार नाही, हे तू धरून चाल. इतकी वर्षं ते आले, आता रस्ता तुला तुडवायचाय. एसटीनं ये, लेकरांना घेऊन ये, रिकाम्या हातानं ये. गाडीचा विषय काढू नको, नुसती त्यांच्याजवळ ओट्यावर बस, आणि भावालाही हाक मारून तिथंच बसव. सणाची वाट बघू नको बाई. लवकर ये.