शोधाच्या चौकटीत काय लिहायचं?

स्क्रीनवर सगळ्यात वर ट्यूशन क्लासची जाहिरात होती. त्याखाली मुलांची स्मरणशक्ती वाढवणारं चूर्ण. सुनंदाताई मेश्रामांनी माउस बाजूला सरकवला.

“मॅडम, सकाळपासून शोधून राहिली. कामाचं एकही नाही सापडलं.”

मी गोंदियातल्या एका अध्यापक महाविद्यालयात लायब्ररियन आहे. पुस्तकं देणं-घेणं हे आता आमचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे संशोधकाला हवा तो लेख कॉम्प्युटरवर शोधून देणं. सुनंदाताई बिरसीकडच्या एका शाळेत शिकवतात आणि आमच्याकडे एम.एड. करतात. लघुप्रबंधाचा विषय त्यांनी आपल्याच वर्गातून उचलला होता. तिसरीतली चंचल ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगायची, तोंडी हिशेब पटापट करायची, आणि पुस्तक उघडलं की अडायची.

तेवढ्यात त्यांचे गाइड बिसेन सर आले. “कुछ मिला?”

“नाही सर.”

“मग कायले हट्ट धरता? पोरगी घरी पोवारी बोलते. पुस्तकातली मराठी समजत नसंल, बस. मटेरियल नाही तर विषय बदला. सोमवारी सिनॉप्सिस पाहिजे.”

सर गेले. सुनंदाताईंचा चेहरा उतरला. “विषय बदलन मी. पण चंचलचं काय, मॅडम?”

मी खुर्ची ओढून बसले. त्यांनी चौकटीत लिहिलं होतं, ‘वीक स्टुडंट्स प्रॉब्लेम’. कॉम्प्युटरला आपल्या मनातलं कळत नाही. लेख लिहिणाऱ्याने जो शब्द वापरलाय, तोच आपण द्यावा लागतो. त्यालाच कीवर्ड म्हणायचं. आणि ‘वीक’ मुलांवर कुणी संशोधक ‘वीक’ म्हणून लिहीत नाही.

मी ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ टाकलं. ढीगभर लेख आले. पहिलाच उघडला, तर तो इंग्लंडमधला. रोजच्या व्यवहारात आयुष्यभर मदत लागणाऱ्या मोठ्या माणसांवरचा.

“ही आपली चंचल नाही,” सुनंदाताई म्हणाल्या.

नव्हतीच. तिकडे हा शब्द बहुधा बौद्धिक अक्षमतेसाठी वापरतात. आपण ज्याला अध्ययन अक्षमता म्हणतो, त्याला तिकडे दुसरा शब्द. मी कीबोर्ड बाजूला ठेवला.

“चंचल नेमकं काय करते, ते सांगा.”

“‘मगर’ लिहिलं तर ‘गरम’ वाचते. तोच शब्द खालच्या ओळीत आला की पुन्हा अडते. लिहिताना काना-मात्रा खाऊन टाकते.”

आता शब्द मिळायला लागले. वाचनाची अडचण म्हणून ‘डिस्लेक्सिया’ आणि ‘रीडिंग डिसॅबिलिटी’. लेखनाची म्हणून ‘डिसग्राफिया’. गणिताचा शब्द सोडून दिला, हिशेबात ती पक्की होती. एका अर्थाच्या शब्दांमध्ये ‘ऑर’ लिहायचं, म्हणजे यातला कुठलाही चालेल. दुसरी अट जोडायची असेल तर ‘अँड’. लेख बरे आले, पण बहुतेक घरीदारी इंग्रजीच बोलणाऱ्या मुलांवरचे.

“सरांचंच बोलणं टाकू का?” सुनंदाताई एकदम म्हणाल्या. “घरची भाषा वेगळी, ते?”

मला हसूच आलं. जे कारण सांगून विषय बाद होत होता, तोच कीवर्ड! ‘अँड’ लिहून पुढे ‘होम लँग्वेज’ ऑर ‘बायलिंग्वल’, म्हणजे द्विभाषिक, असं टाकलं. यादी आटोपशीर झाली आणि वरच हवा तो लेख. शाळेची भाषा नवी म्हणून मूल अडतंय की वाचनाचीच अडचण आहे, हे कसं ओळखायचं? त्याची पहिली पायरी होती, मुलाला घरच्या भाषेतही तपासून पाहायचं. सुनंदाताई खुर्चीतून उठून चक्क टाळ्या वाजवायला लागल्या.

सुट्टीच्या दिवशी त्या चंचलच्या घरी गेल्या. तिच्या आईला मदतीला घेऊन पोवारीतच तोंडी खेळ घेतले. एकाच आवाजाने सुरू होणारे शब्द सांग, शब्दाचे तुकडे कर. वाचनाचीच अडचण असेल तर मूल अशा आवाजांच्या खेळातही अडतं, असं लेखात होतं. पोवारीत घडाघडा बोलणारी पोर तिथंही अडली. म्हणजे गोष्ट नुसती मराठीची नव्हती.

सोमवारी बिसेन सरांनी सिनॉप्सिस वाचला, चष्मा काढला.

“मेरा ही पॉइंट मेरे को दिखाया,” म्हणाले, आणि हसत सही केली.

पुढे तज्ज्ञांकडून रीतसर तपासणी झाली. वाचनाचीच अडचण निघाली. चंचलची आई सुनंदाताईंना म्हणाली, “म्हणजे माही पोरगी आळशी नाही ना? मी उगाच रागवून राहिली तिच्यावर.” मग वर्गात रोज वेगळा सराव सुरू झाला. अक्षरं बोटाने गिरवायची, मोठ्याने म्हणायची, मग जोडायची.

लघुप्रबंध जमा करायला सुनंदाताई आल्या, तेव्हा मायलेकींनाही घेऊन आल्या. चंचल भिंतीवरच्या पाटीसमोर उभी राहिली. ओठ हलवत बोटाने हवेत गिरवत होती. मग अख्ख्या लायब्ररीला ऐकू जाईल अशी ओरडली, “शां-त-ता रा-खा!”

वाचणारे सगळे हसले. बिसेन सर सगळ्यात मोठ्याने.

आता कुणी “मॅडम, या विषयावर काहीच नाही” म्हणत आलं, की मी आधी त्याने काय टाइप केलंय ते बघते. विषय बदलण्याआधी शब्द बदलून पाहावा. त्याला गाइडची सही लागत नाही.