हळदीकुंकू माझं, कौतुक जाऊबाईंचं

मैत्रिणींनो, आज जाम जळफळाट झालाय, म्हणून लिहितेय.

दुपारी सासूबाई म्हणाल्या, "संक्रांतीचं हळदीकुंकू आजच उरकू, उद्या मी गावाला चालले." मी बोईसरच्या बाजारात धावले, वाणाला स्टीलच्या वाट्या आणल्या, पंधरा जणींचे पोहे केले.

संध्याकाळी जवळच्या माहीम गावाहून मोठ्या जाऊबाई आल्या, वाडीतल्या वालाच्या शेंगा घेऊन. "मीठ-ओवा घालून उकड," म्हणाल्या आणि बाहेर जाऊन बसल्या.

मग काय, पोहे पडून राहिले आणि सगळ्या बायका शेंगांवर तुटून पडल्या. सासूबाई म्हणाल्या, "थोरलीच्या हाताला चवच येगळी हाय."

अहो, उकडल्या मी होत्या.

आत्ता ओट्याशी उभी राहून उरलेल्या चार शेंगा खातेय. चव खरंच छान आहे. माझ्या जागी तुम्ही असतात तर जाऊबाईंना हे सांगितलं असतं?