काकांच्या नावावरचा माणूस

दिल्लीत नव्याने आलेला मराठी माणूस साठे काकांना भेटला की त्याची निम्मी काळजी मिटायची. खोली हवी, गॅस हवा, डॉक्टर हवा, काका पत्ता सांगायचे आणि वर म्हणायचे, "माझं नाव सांगा." केंद्र सरकारच्या नोकरीत त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतरही काका-काकू मयूर विहारमध्येच राहिले. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर. गुरुग्रामहून मेट्रोने दमून परतलो की जिन्यातच हाक यायची, "चलो, चहा झालाय."

महाराष्ट्र मंडळातल्या कोणीतरी त्यांना एका नव्या समाजमाध्यमाची ओळख करून दिली. ते ब्लॉकचेनवर चालायचं. म्हणजे तिथे एकदा झालेली नोंद कंपनीलाही पुसता येत नसे. प्रत्येक सभासदाच्या पानावर त्याला कोणी आणलं, ते नाव कायम दिसायचं. काकांना हे फार आवडलं. "बिल्कुल बरोबर. माणूस कोणाच्या ओळखीतला, ते आधी कळायला हवं." स्पर्धा परीक्षेच्या तयारीला आलेल्या मुलामुलींना ते हौसेने खातं उघडायची आपल्या नावाची लिंक पाठवत राहिले.

तेजस्विनी त्यांतलीच, बार्शीची. एका संध्याकाळी मी काकांकडे बसलो असताना तिचा फोन आला. लक्ष्मीनगरात एका कुलूपबंद फ्लॅटसमोर ती सामान घेऊन उभी होती. त्याच अ‍ॅपवर भेटलेल्या एकाने खोली देतो म्हणून आगाऊ भाडं घेतलं होतं, आणि आता तो फोन उचलत नव्हता. शेजारी म्हणत होते, हा फ्लॅट भाड्याने द्यायचाच नाही.

"पण काका, तो तुमचा माणूस आहे ना?" ती म्हणाली. "त्याच्या पानावर तुमचं नाव आहे. म्हणून तर मी पैसे दिले."

काकांनी त्या माणसाचं नावसुद्धा कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "बेटा, तू नेमकी कुठे उभी आहेस?" आम्ही कॅबने जाऊन तिला घरी आणलं. काकूंनी काही न विचारता तिचं पान वाढलं.

घोळ कसा झाला, ते मी दुसऱ्या दिवशी शोधून काढलं. ही मुलं बसायची त्या अभ्यासिकेतल्या सामायिक संगणकावर एका मुलाने काकांची लिंक उघडली होती. ब्राउझरने ती धरून ठेवली, आणि पुढे त्या संगणकावरून ज्याने ज्याने खातं उघडलं, तो काकांनी आणलेला ठरला.

"म्हणजे चूक तुमची नाहीच," मी म्हणालो.

"अच्छा," काका म्हणाले. "पण तिने पैसे कोणाकडे बघून दिले?"



मग त्यांनी तिच्या वडिलांना फोन लावला. ती नको नको म्हणत होती. काका उभे राहून बोलले, साहेबांसमोर उभं राहावं तसे. "मी श्रीधर साठे बोलतोय. माझ्या नावावर तुमच्या मुलीची फसवणूक झाली. तुम्हाला तोंड दाखवायची मला सोय राहिली नाही." पुढचं बोलायला फोन काकूंनी घेतला.

कंपनीने कळवलं, नोंद पुसता येणार नाही, हवं तर तिच्या शेजारी तुमचा आक्षेप जोडतो. काकांनी आक्षेप जोडला, पण मंडळात जाणं बंद केलं. जिन्यात कोणी भेटलं की आधी त्यांची नजर खाली जायची. "सगळे म्हणतात, सोडा हो काका," ते मला एकदा म्हणाले. "पण दाढी करताना आरशात बघायची लाज वाटते रे." त्यानंतर कोणाला खोली हवी असली की ते दुखऱ्या गुडघ्याने स्वतः सोबत जायचे, मालकाशी बोलायचे, नळ सोडून बघायचे आणि मगच घ्या म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. भेटायला आलेल्यांत तेजस्विनीचे वडील होते, थेट बार्शीहून आलेले. मांडीवर पिशवी धरून ते काकूंसमोर बसले.

"आमची गाठ कधी पडलीच नाही," ते म्हणाले. "फोनवर एकदा बोललो तेवढंच. चूक झाली होती त्यांच्याकडनं. पण ती अशी पदरात घेणारा माणूस मी दुसरा बघितला नाही."

चूक त्यांची नव्हतीच, हे सांगायला मी पुढे सरकलो. काकूंनी माझ्याकडे बघून हलकेच नकारार्थी मान हलवली. जे काकांनी स्वतः त्यांना सांगितलं नव्हतं, ते सांगणारा मी कोण? मी उठलो आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेलो.