बिब्ब्याचा डाग

पुण्याहून निघताना वरिष्ठांनी थर्माकोलची पेटी हातात दिली आणि बजावलं, "नागपूरच्या उन्हात बर्फ सांभाळा." माणसांबद्दल काही बजावलं नाही. आमच्या प्रयोगशाळेत त्वचेच्या, आपल्याकडे दुर्मीळ असलेल्या एका कर्करोगाच्या जनुकांचा अभ्यास चालतो. या रोगाची जगभरातली माहिती बहुतेक गोऱ्या लोकांची. त्यांना तो उन्हामुळे पाठीवर, चेहऱ्यावर होतो. आपल्याकडे तो काळ्या डागासारखा तळपायावर निघतो, जिथे ऊन पोचतच नाही. आपल्या लोकांचा असा अभ्यास फारसा कुणी केलेला नाही, आणि आता तो आम्ही करणार, याचा गाडीत मला मोठा अभिमान वाटत होता. आज ते लिहिताना लाज वाटते.

सकाळी नागपुरात उतरल्यावर तर्री-पोहे खाल्ले. तर्री (हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) नाकातोंडातून पाणी काढते, तरी मी दुसरी प्लेट घेतली. सीताबर्डीहून कोराडीच्या बसमध्ये बसले. शेजारच्या काकांनी पेटीकडे पाहून विचारलं, "मच्छी हाय का, मॅडम?" मी म्हटलं, "अजून रिकामी आहे." ते हसले. कोराडीला उतरून ऑटो केला. वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडल्या, तरी झाडांच्या पानांवर राख होतीच.

ज्यांच्या रक्ताचा नमुना न्यायला मी आले होते, त्या सुमनबाई खाटेवर बसल्या होत्या, उजवा पाय उशीवर. टाचेची गाठ काढली होती, पण रोग जांघेपर्यंत गेला होता. फारशी आशा नाही, हे त्यांच्या डॉक्टरांनी मला फोनवर सांगितलं होतं. तिशीतली मुलगी वैशाली शेजारी उभी होती. दोघी मायलेकी वर्षानुवर्षं अनवाणी निंदणाला (शेतातलं तण काढायला) जात आलेल्या.

मी फॉर्म उघडला. "डाग पहिल्यांदा कधी दिसला?"

"डाग कायचा, मॅडम? बिब्बाच होता तो."

इकडे पायात काटा मोडला की बिब्बा (काळ्या, जहाल तेलाचं रानफळ) तापवून त्याचा चटका देतात. कातडी काळी पडते आणि काही दिवसांनी ते काळं निघून जातं. सुमनबाईंचं निघालं नाही. म्हणून त्यांनी पुन्हा बिब्बा लावला, मग पुन्हा. दोन वर्षं त्या लावत राहिल्या.

"डॉक्टरला दाखवलं नाही?"

"दाखवलं ना. त्यानं इचारलं, बिब्बा लावला का? मी म्हटलं, हो. मंग म्हणे, त्याचाच डाग हाय, जाईन निघून."

फॉर्मवर 'निदानापूर्वीचे उपचार' असा रकाना होता. त्यात तीनच पर्याय: औषधे, शस्त्रक्रिया, काही नाही. मी 'काही नाही'वर खूण केली. हा फॉर्म ज्या बैठकीत ठरला, तिला मीही हजर होते. एसी छान होता, चहाही चांगला होता.

सही झाली, रक्त घेतलं. वैशालीने वांग्याचं भरीत आणि भाकर वाढली. माझं जेवण उरकलं. मग तिने डावा पाय पुढे केला. "मॅडम, हे जरा पाहून द्या."

टाचेच्या कडेला वाटाण्याएवढा काळा डाग होता.

"बिब्बा लावला होता?"

"दिवाळीत लावला होता. निघून नाही राहिला."

दिवाळी होऊन सहा महिने उलटले होते. मी डॉक्टर नव्हते, आणि आमच्या अभ्यासात फक्त निदान झालेल्यांनाच घेतात. मी म्हटलं, "उद्याच दवाखान्यात जा."

"काहून जाऊ? बिब्बा लावला का इचारतीन, मी हो म्हणीन, वापस धाडतीन. आईले तसंच धाडलं."

सुमनबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"बिब्बा लावलाच नाही, असं सांगा," मी म्हणाले.

"खोटं बोलू?"

"बोला."

सुमनबाईंच्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा घ्यायला मी तिथून दवाखान्यातच गेले. वैशालीला सोबत नेता आलं असतं. पण संध्याकाळची गाडी चुकेल, या धास्तीने मी तो विचार बाजूला सारला. त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही. पुण्यात पोचेपर्यंत बर्फ टिकला आणि वरिष्ठांनी शाबासकी दिली.

महिन्याभराने वैशालीचा फोन आला. "खोटं बोलली, मॅडम. तवाच त्याहीनं तुकडा काढून पाह्यला. आईचंच दुखणं निघालं. लवकर सापडलं म्हणते डॉक्टर. आईले नाही सांगितलं अजून."

म्हणजे आता ती आमच्या अभ्यासात बसत होती. पंधरा दिवसांत तिचा फॉर्म माझ्या टेबलावर आला. निदानापूर्वीचे उपचार: काही नाही. उत्तर मीच पढवलेलं होतं. उद्या आमच्या माहितीवरून कुणी डॉक्टरांसाठी पुस्तिका लिहील, तिच्यात बिब्बा नसेल आणि पुढची बाई अशीच घरी परत जाईल. मी दोघींचे फॉर्म काढले आणि समासात लाल पेनाने 'बिब्बा' असं लिहिलं.

दुपारी संगणकावर माहिती भरणारी मुलगी ते दोन्ही कागद घेऊन परत आली. "मॅडम," ती म्हणाली, "याला रकाना नाहीये."