घरात मराठी बंद

इंग्रजी सुधारायला घेतलं आणि माझ्या संसारावर बैठक बसली.

मी नांदगाव पेठेत सूतगिरणीत कामाला. सुपरवायझरची जागा निघणार होती, पण साहेबांची अट, आधी पदवी घ्या. म्हणून चाळिशीत बी.ए.ला बाहेरून नाव घातलं. गिरणीतून घरी येईपर्यंत अंगाचं सूत होतं, तरी सगळे लेखी पेपर सुटले. राहिली इंग्रजीची तोंडी परीक्षा. त्यात पडलो की जागा गेली. अमरावतीच्या क्लासवाल्या सरांनी (हे महाशय स्वतः शिकवतात मराठीतून!) उपाय सांगितला: घरात मराठी बंद, इंग्रजीत सुचलं तरच बोलायचं.

मी गप्पच बसलो. सुचतं कोणाला!

बायको सुनीता विचारायची, भाजी कायची करू? अंबाडीला इंग्रजीत काय म्हणतात, ते त्या सरांच्या बापाला तरी माहीत असेल का? मी मान हलवायचो. तिला हा नियम सांगून ठेवावा, असं वाटायचं. पण तो सांगायचाही इंग्रजीतच होता. शेवटी शेजारच्या रिकामटेकड्या काकूंनी निदान केलं की नवऱ्यानं अबोला धरला, आणि सुनीतानं हिवरखेडला बापाला फोन लावला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी रजा काढून पुस्तक उघडतो, तर सासरे आणि धाकटा मेव्हणा गजू दारात! आता आमच्याकडे जवायाला तोंडावर बोलत नाहीत. म्हणून सासऱ्यांनी मला मानानं खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि पोटच्या पोराला झाडायला सुरुवात केली.

"काहून रे गज्या, बायकोशी बोलाले तोंड दुखते का तुयं?"

गजूचं अजून लग्न व्हायचंय. तो खाली मान घालून म्हणाला, "चुकलं बाबा."

मला हसू फुटलं. सासऱ्यांना तो माज वाटला. खुलासा करावा म्हणून मी नियमानं तोंड उघडलं, "आय... स्टडी... सायलेंट."

सासरे घाबरून लेकीकडे वळले. "बाई, यायले डॉक्टरले दाखोलं का?"

मग काय बाप्पा, बैठक दिवसभर चालली. मधे पाहुण्यांसाठी वडे तळले, पुन्हा चहा झाला, काकूंनीही साक्ष दिली. पुस्तक तसंच उघडं पडलं. संध्याकाळी निवाडा झाला: गजूनं आजपासून बायकोशी रोज बोलायचं. गजूनं कबूल केलं आणि मंडळी गेली.

दुसऱ्या दिवशी परीक्षक मॅडमनी इंग्रजीत विचारलं, नोकरी सांभाळून अभ्यास कसा करता? झालं! एवढ्या दिवसांचं कोंडलेलं भडाभडा बाहेर पडलं. क्लासवाले सर, काकू, सासरे, गजू, एकालाही सोडलं नाही. मॅडम हसून हसून डोळे पुसायला लागल्या. मी मनातल्या मनात सुपरवायझरच्या खुर्चीत जाऊन बसलो.

"फार छान बोलता तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "आता हेच जरा इंग्रजीत सांगा."

मी खूप विचार केला. मग नम्रपणे म्हटलं, "मॅडम, पुढची परीक्षा कवा असते?"

तेही वऱ्हाडीतच.