रेंजपुरती बैठक

"घरात फोन-बिन किती, काका? आणि मजले?" राउटरचं खोकं पुढे सरकवत दुकानदाराने विचारलं. माझ्याआधी माझा मुलगा सुहासच सांगू लागला. मी ऐकत होतो आणि आतल्या आत चिडत होतो.

आमच्या जुन्या राउटरची रेंज दिवाणखान्याबाहेर जात नव्हती. त्यामुळे संध्याकाळी सगळे खाली यायचे. सुहास सोफ्यावर, सून जिन्याच्या पायरीवर, नात माझ्या मांडीला टेकून. बोलत कोणीच नसे, पण कोणी हसलं की कळायचं. स्वतःच्या हिमतीवर मी घर बांधलं, प्रत्येकाला वेगळी खोली दिली. आणि माझीच माणसं मला दिसायची ती या अपुऱ्या रेंजच्या कृपेने.

"यापेक्षा कमी ताकदीचा दाखवा," मी डाफरलो.

"काका, लोक जास्त मागतात!"

"बाबा, यातही घासाघीस?" सुहास हसला. "वर काहीच चालत नाही हो. मोठाच घेऊ."

आयुष्यभर मी समोरच्याला बोलून नमवलं. तिथे मात्र खरं कारण तोंडातून निघेना. भाव न करता पैसे दिले.

आता वरच्या शेवटच्या खोलीतही रेंज पोचते. काल संध्याकाळी नात धावत जिना उतरली. मी सोफ्यावर सरकून तिला जागा केली. तिने भिंतीजवळचा चार्जर काढला, "आजोबा, हा माझा राहिला होता," म्हणाली आणि वर गेली.