शेवटचे चार आकडे

बबनआबा गेले, असा फोन निमगाव केतकीहून आला तेव्हा मी सवयीनं आधी सर्व्हरकडे बघितलं. तो ठणठणीत होता. त्याला ठणठणीत ठेवणारा माणूस मात्र निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना हृदयविकारानं गेला होता... सहा आठवडे झाले, तरी मला त्यांचा राग येतो.

आम्ही बारामतीत, एका दूध संघाच्या जनावर-नोंदणी विभागात. गावोगावच्या गाई-म्हशींच्या लसी, आजार, औषधं, सगळं एका डेटाबेसमध्ये. गोठ्यातून डॉक्टर फोन करतात, आमच्या मंगलताई कानातल्या बिल्ल्याचा नंबर विचारतात आणि त्या जनावराला पूर्वी कुठलं औषध सोसलं नाही ते सांगतात. मी लोणी भापकरची, तेव्हा नवी इंजिनिअर, अतिशहाणी. माहिती यायला वेळ लागतो अशी तक्रार आली की दिसेल त्या रकान्यावर इंडेक्स चढवायचे. इंडेक्स म्हणजे पुस्तकामागची सूची, हवं ते पान थेट सापडतं. पण झालं भलतंच. शोध होता तितकाच संथ राहिला, आणि प्रत्येक नव्या नोंदीसाठी साऱ्या सूच्या बदलाव्या लागत असल्यानं नोंदीही रखडू लागल्या. कन्हेरीला एक डॉक्टर फोनवर वाट बघून कंटाळले, त्यांनी फोन ठेवला आणि नेमकं न सोसणारं इंजेक्शन दिलं. गाय वाचली, पण तीन दिवस उठली नाही. मी राजीनामा लिहून माझ्या वरिष्ठांच्या, आबांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी तो न वाचताच त्यावर चहाचा कप ठेवला. "सर्व्हरचं नंतर बघू पोरी. लोकं काय इचारत्यात ते तरी ऐकू आदी." लोखंडी स्टूल ओढून ते मंगलताईंच्या शेजारी दोन दिवस बसले, मलाही बसवलं. दुसऱ्या दुपारी त्यांनी विचारलं, "मंगल, समदी शेवटचंच चार आकडं का सांगत्यात गं?"

"आबा, गाय कान झाडती. बारा आकडं वाचंपतूर कोण धरून ठिवणार?"

मी कपाळावर हात मारला. माझी सूची पहिल्या आकड्यापासून लावलेली. शेवटचे चार विचारले की ती कुचकामी, आणि सर्व्हर बिचारा नोंदीतल्या एकूण एक जनावराचा कान तपासत बसायचा. आम्ही शेवटच्या चार आकड्यांचा वेगळा रकाना केला, गावासोबत त्याची एकच सूची लावली, आणि माझ्या बिनकामाच्या सूच्या आबांनी माझ्याकडूनच काढून घेतल्या. पुढच्या फोनला मंगलताई दचकल्याच. "बिघडलं का काय वो आबा? लगीच आलं!"

आबांचं घराणं पूर्वी मेंढ्या राखायचं. रोज सकाळी ते सर्वांत संथ चाललेल्या शोधांची यादी माझ्याकडून वाचून घेत. "कळपात मागं कोण ऱ्हातंय तेवढं बघायचं. म्होरली जात्यातच की." राजीनामा मात्र त्यांनी कधी परत दिला नाही. चहाचा डाग दाखवून म्हणायचे, "असला घाण कागद सायबाला कसा द्यायचा?"

गेल्या मंगळवारी मंगलताई रजेवर होत्या, म्हणून फोनवर मी बसले, त्याच स्टुलावर. निमगाव केतकीहून डॉक्टर बोलत होते. गाय चारा खाईना, अंग तापलेलं. मागून कुणा बाईचा आवाज, "धरलाय कान, वाचा बिगीनं!" त्यांनी चार आकडे सांगितले आणि पुढचं वाक्य संपायच्या आत माहिती समोर आली. न सोसणारं औषध ठळक अक्षरांत, आणि मालकाच्या रकान्यात... आबांचं नाव. मी औषधाचं नाव कसंबसं वाचलं. "बरं झालं सांगितलंत," डॉक्टर म्हणाले, "हातात तेच होतं."

संध्याकाळी आबांच्या बायकोचा, काकूंचा फोन आला. "उठली गं. खातीया." आणि लगेच विचारलं, "तितं त्यांचंच नाव हाय म्हणं अजून... बदलावं लागंल का?"

नियमानं लागतं.

"लागंल की काकू," मी म्हणाले, "पण आमचा सर्व्हर लई हळू हाय. वेळ लागंल."

काकू म्हणाल्या, "व्हय... लागू दे वेळ."